चौदा दिवसांचा फॉरवर्ड

इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर सध्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेने भाड्याने दिलेल्या घरांबद्दल एक निरोप फिरतोय. थोडक्यात असा: "काउन्सिलच्या घरात एकटा राहणारा माणूस वारला की भाडेकरार त्याच दिवशी संपतो. चौदा दिवसांत घर रिकामं करा, नाहीतर भाडं जवळच्या नातेवाइकाच्या बोकांडी बसतं. मुलगा सोबत राहत असेल तर मात्र घर त्याचंच. म्हणून आधी व्हॅनवाला बोलवून सामान हलवा, किल्ली लेटरबॉक्समध्ये टाका, कळवायचं ते नंतर." खाली हात जोडलेले तीन इमोजी.

माझी आत्या गेली तेव्हा असलंच काहीतरी ऐकून मीही घाबरले होते. तिचा काउन्सिलचा फ्लॅट आतेभावाने आणि मी रिकामा केला. त्यातून जे कळलं ते लिहिते.

"करार त्याच दिवशी संपतो." इंग्लंडमध्ये नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे घर पुढे चालवायला पात्र असं कोणी नसेल तर करार मृत्यूबरोबर संपतो. इंग्लंडमध्ये तो मृताच्या मालमत्तेचा भाग होऊन चालू राहतो आणि रीतसर नोटीस देऊनच संपवावा लागतो. ही नोटीस साधारण चार आठवड्यांची असते. मृत्युपत्र असेल तर एक्झिक्युटर, म्हणजे त्यात व्यवहार उरकायला नेमलेला माणूस, ती देऊ शकतो. नसेल तर कोर्टाकडून कोणी अधिकार मिळवेपर्यंत सगळं कागदोपत्री पब्लिक ट्रस्टी या सरकारी अधिकाऱ्याकडे जातं, म्हणून अशा वेळी काउन्सिलच नोटीस देते आणि तिची एक प्रत त्यालाही पाठवते. आत्याचं मृत्युपत्र नव्हतं. विषय काढला की ती म्हणायची, "मेले, इतक्यात कुठे मला पोचवतेस?" चौदा दिवसांचा आकडा कुठून आला, देव जाणे. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी खोकी बांधा, असा कोणीतरी हिशेब केला असावा.

"भाडं नातेवाइकाच्या बोकांडी." थकलेलं भाडं हे मृताचं देणं. ते त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून फेडायचं, तेही अंत्यविधीचा वाजवी खर्च वजा करून. पैसेच नसतील तर मुलाने, भाचीने स्वतःच्या खिशातून भरायचं कारण नाही. अडकतात ते दोघे: करारावर स्वतःची सही असलेला, म्हणजे जोडभाडेकरू किंवा जामीन, आणि देणी फेडण्याआधीच बँकेतले पैसे भावंडांत वाटून टाकणारा एक्झिक्युटर. किल्ली आणखी काही आठवडे हवी म्हणून तुमच्या नावाने भाडं भरण्याचा कागद पुढे आला, तर तो नीट वाचल्याशिवाय सही करू नका.

तरीही घाई करावी लागते, हे मान्य. आत्याचं बहुतेक भाडं हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून जायचं. माणूस गेला की ते थांबतं आणि नोटिशीच्या काळाचं पूर्ण भाडं तिच्या शिल्लकीतून जाऊ लागतं. निरोप लिहिणाऱ्याने हे एक खरं कारण सांगितलं असतं तर बाकीच्या धमक्यांची गरज पडली नसती.

"कळवायचं ते नंतर." हा सल्ला सगळ्यांत वाईट. मृत्यूची नोंद करताना रजिस्ट्रार बहुतेक ठिकाणी 'टेल अस वन्स' या सेवेची माहिती देतो. ती वापरली की पेन्शन, पासपोर्ट, टॅक्स, काउन्सिल, सगळीकडे एकदमच कळतं. लपवून मिळायचं काय? जास्तीचा आलेला बेनिफिट परत मागतात, आणि तुम्ही कळवेपर्यंत नोटिशीचे आठवडे मोजायला सुरुवातच होत नाही.

"मुलगा सोबत असेल तर घर त्याचंच." काउन्सिलचा करार १ एप्रिल २०१२ चा किंवा त्यानंतरचा असेल तर कायद्याने हक्क फक्त नवरा, बायको किंवा जोडीदाराला; मुलांना करारात तसं लिहिलं असेल तरच. त्याआधीच्या करारात वर्षभर सोबत राहिलेल्या घरच्या माणसाला मिळू शकतं, पण एकदाच. आत्याचा करार जुना होता. तो दोघांच्या नावावर होता आणि आतोबा गेल्यावर तिच्या एकटीकडे आला. ती एक वेळ तिथेच संपली. आतेभाऊ सोबत राहत असता तरी काही उपयोग नव्हता.

आता व्हॅनवाला. कचरा नेणाऱ्याकडे वेस्ट कॅरियरची नोंदणी लागते. शंभर पौंडांत सगळं नेतो म्हणणाऱ्याने ते रस्त्याकडेला टाकलं, तर न विचारता देणाऱ्यालाही ६०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही आधी दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानाला फोन केला. सोफ्याला आगरोधक असल्याचं लेबल शिवलेलं नसेल तर ते घेत नाहीत, आणि आत्याने ते लेबल "बोचतं मेलं" म्हणून कधीच कापून टाकलं होतं. औषधं फार्मसीत परत दिली. कमोडच्या खुर्चीवर स्टिकर होतं, त्यावरच्या नंबरला फोन केल्यावर त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. गालिचेही उचला असं काउन्सिलने सांगितलं; हे आधीच विचारून घ्यावं, कारण मागे राहिलेलं उचलण्याचा खर्च मृताच्या पैशांतून कापतात.

स्टीलच्या डब्यांना कोणी गिऱ्हाईक नव्हतं. गोडा मसाल्याचा डबा दोनदा धुतला तरी वास जाईना. तो आतेभावाने नेला. देव मी आणले.

किल्ली लेटरबॉक्समध्ये टाकायची नाही. भाड्याचा आठवडा बहुतेक ठिकाणी सोमवारी सुरू होतो. मंगळवारी किल्ली दिली तर आणखी एका आठवड्याचं भाडं लागू शकतं. आम्ही मीटरचे फोटो काढले, सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच दोन्ही किल्ल्या दिल्या आणि पावती मागितली. खिडकीतली बाई म्हणाली, पावती सहसा कोणी मागत नाही. तिने एका चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि 'दोन किल्ल्या' असं लिहून सही करून दिली.