माउथ ऑर्गन फक्त उदास सुरांसाठीच असतो काय?

हार्मोनिका, म्हणजे आपला माउथ ऑर्गन, हे मुळातच संथ आणि उदास धुनांचे वाद्य आहे, असे सर्रास सांगितले जाते. त्यासाठी चार कारणे पुढे केली जातात: जलद वाजवताना दम पुरत नाही, सगळे स्वर त्यावर मिळत नाहीत, जोश आणायचा तर जोरात फुंकावे लागते, आणि गाण्यातल्या मोकळ्या जागा भरण्यापलीकडे त्याला स्वतंत्र स्थान नाही. ‘शोले’त (1975) जय संध्याकाळी वाजवतो ती धून, जी प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजवली, आपल्याकडे ही समजूत पक्की करायला बरीचशी कारणीभूत असावी. मात्र 1958 सालच्या ‘सोलवाँ साल’मधील ‘है अपना दिल तो आवारा’ या गाण्यात राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन चांगलाच खट्याळ आहे, याची आठवण तेव्हा कुणाला होत नाही.

दमाचे कारण वाद्याची रचना पाहिली की टिकत नाही. बासरी किंवा सनई श्वास सोडतानाच वाजते. हार्मोनिका श्वास आत ओढतानाही वाजते. दहा छिद्रांच्या साध्या हार्मोनिकावर मधले सप्तक चौथ्या ते सातव्या छिद्रात असते आणि त्यात सा, ग, प, तार सा फुंकून, तर रे, म, ध, नी ओढून निघतात. म्हणजे एक सरळ आरोह वाजवला तर चार स्वर हवा बाहेर सोडतात आणि चार आत घेतात. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत, वाजवणारे तर फुंकीपेक्षा ओढीच्या स्वरांवर अधिक भर देतात. त्यांची अडचण दम संपण्याची नसून छाती हवेने भरून जाण्याची असते, आणि ती जादा हवा ते वाजवता वाजवताच नाकावाटे सोडून देतात.

अमेरिकेतील टेनेसीचे हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली (1899–1982) यांनी 1927 साली ध्वनिमुद्रित केलेले ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ऐकावे. साथीला कुणीही नसताना एकटा माणूस धावती आगगाडी, तिची शिटी आणि रुळांचा ठेका उभा करतो. तो ठेका फुंक आणि ओढ यांच्या अदलाबदलीतूनच येतो. तिथे श्वास हाच ताल धरतो.

स्वरांच्या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. या हार्मोनिकाच्या खालच्या सप्तकात म आणि ध खरोखरच नसतात. एकाच वेळी तीन-चार छिद्रांतून भरदार स्वरमेळ निघावा म्हणून ते मुद्दाम गाळलेले आहेत. परंतु प्रत्येक छिद्रात फुंकीची एक आणि ओढीची एक अशा दोन पत्त्या, म्हणजे थरथरून नाद काढणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, असतात, आणि जिभेची ठेवण बदलून तोंडातील पोकळीचा आकार पालटला की दोन्ही पत्त्या मिळून स्वर खाली वाकवतात. दुसऱ्या छिद्रात ओढीच्या प पासून तीव्र म आणि शुद्ध म, तर तिसऱ्यात नी पासून कोमल नी, शुद्ध ध आणि कोमल ध असे गाळलेले स्वर परत मिळतात. उरलेल्या स्वरांसाठी अमेरिकी वादक हॉवर्ड लेव्ही यांनी 1970 च्या सुमारास ओव्हरब्लो हे, छिद्राच्या नेहमीच्या स्वरांपेक्षा चढा स्वर फुंकून काढण्याचे, तंत्र विकसित केले. आयरिश नृत्यधुनांच्या वेगात स्वर वाकवत बसायला उसंत नसते, म्हणून हार्मोनिकावादक ब्रेंडन पॉवर यांनी तिसऱ्या छिद्रातील फुंकीचा प चढवून त्याचा ध केला; तोच प दुसऱ्या छिद्रात ओढून मिळतो, त्यामुळे त्यात काहीच गमावले जात नाही. आणि बटण दाबून अर्धा स्वर चढवणाऱ्या क्रोमॅटिक हार्मोनिकावर तर बाराही स्वर थेट मिळतात. फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांनी 1942 साली हार्मोनिकावादक लॅरी ॲडलर यांच्यासाठी रचना केली, ती याच प्रकारच्या वाद्यासाठी.

दुहेरी पत्त्यांच्या, थरथरत्या नादाच्या ट्रेमोलो हार्मोनिकावर मात्र स्वर असे वाकत नाहीत. ज्यांनी तेवढाच प्रकार हाताळला आहे, त्यांना हे वाद्य अपुरे वाटले तर नवल नाही, जरी आयर्लंडमध्ये रील आणि जिग या वेगवान नृत्यधुना त्यावरही वाजवले जातात.

जोरात फुंकण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. जादा दाबाने स्वर उतरतो, पत्ती थकते आणि शेवटी तुटते. चपळाई येते ती जिभेच्या ‘ता-का’ अशा आघातांनी आणि ओठ एका छिद्रावरून दुसऱ्यावर अचूक सरकवण्याने.

राहिला स्वतंत्र स्थानाचा प्रश्न. शिकागोचे ब्लूज हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर यांनी 1952 साली ‘ज्यूक’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. छोटा मायक्रोफोन हार्मोनिकासह ओंजळीत धरून ते ॲम्प्लिफायरमधून वाजवत, त्यामुळे गिटार आणि ड्रम यांच्या आवाजावर मात करण्यासाठी त्यांना फुप्फुसे झिजवावी लागत नसत. ‘ज्यूक’मध्ये गायन नाही, शब्द नाहीत, सुरुवातीच्या चढत्या ओळीपासून पुढे हार्मोनिकाच सगळे बोलते आणि बाकी वाद्ये तिची साथ करतात. ही रचना अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या लोकप्रियता-यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, आणि ती उदास तर मुळीच नाही.