‘पराधीन आहे जगती’बद्दल खुलासा

‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे खचलेल्या रामाचं, हातपाय गाळायला सांगणारं गाणं आहे, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणातला हा प्रसंग चित्रकूटावरचा. कैकेयीवर संतापलेला भरत रामाला परत न्यायला आलाय. राम दैवाचा दाखला देतो तो कैकेयी आणि दशरथ दोघांनाही दोषमुक्त करण्यासाठी. स्वतः मात्र निर्णयावर ठाम राहतो: चौदा वर्षं संपल्याशिवाय येणार नाही, राज्य तू सांभाळ. हताश माणूस असं बोलेल का?

आणि गाण्यातले, सागरात भेटून लाटेने दुरावणारे दोन ओंडके मूळचे वाल्मीकींच्या अयोध्याकांडातले. गीतरामायणाचे कवी गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) ते मराठीत विलक्षण सहजतेने आणले.