सहाशे दोनचा पीळ

परवाच्या रविवारी आमच्याच सोसायटीच्या गेटवर बी विंगमधल्या एका बाईंनी मला चौदा किलो रद्दी विकली. मी ती घेतली, रोख पैसे मोजले आणि वर "पुन्हा असली तर सांगा" असंही म्हणालो. हे सांगताना अजून कान गरम होतात. पण सांगतो, कारण घरात ही गोष्ट तिसऱ्यांदा ऐकायला कोणी तयार नाही.

मला जुने स्पिन ड्रायर जमवायचा नाद आहे. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा उजवा अर्धा भाग करवतीने कापून वेगळा काढला तर कसा दिसेल, तशी ही वस्तू. धूत काही नाही, फक्त पिळते. ड्रायर हे नाव तसं खोटंच, कारण त्यातून निघालेला कपडा कोरडा नसतो. तो निथळायचा थांबलेला असतो, एवढंच. पण पुण्यात ऑगस्टमध्ये एवढं जमवणारं दुसरं काही दाखवा. पहिला ड्रायर आईचा. बाकीचे तीन जुन्या बाजारातून आणि एका बंद पडलेल्या लाँड्रीतून आलेले. चौघंही घराच्या त्या भागात राहतात, ज्याला बिल्डर 'ड्राय बाल्कनी' म्हणतो. जून ते सप्टेंबर त्या बाल्कनीत पापड ठेवला तर त्याचा लगदा होतो, पण ब्रोशरवर छापलंय म्हणजे ती ड्रायच.

शोभेला ठेवलेले नाहीत, वापरतो मी ते. जाड टॉवेल आणि जीन्स लाँड्रीतून आलेल्या ड्रायरला, शर्ट आईच्या ड्रायरला. आईच्यात तर एके काळी बटाट्याचा कीसही पिळला गेलाय. उशीच्या अभ्र्यात कीस भरायचा, वर गाठ मारायची, दोन मिनिटं फिरवायचा. चिवडा असा कुरकुरीत व्हायचा की शेजारी कृती विचारायला यायचे आणि आई "हाताची चव" म्हणून वेळ मारून न्यायची. एकदा गाठ सुटली. पुढचा आठवडाभर बाबांचे शर्ट आपोआप खळ घातल्यासारखे कडक निघत होते आणि ऑफिसात त्यांचा भाव वधारला होता.

असो. रविवार.

सकाळी जुन्या बाजारात गेलो होतो. तिथे झाकण नसलेला एक ड्रायर मिळाला आणि सोबत एक ताणकाटा घेतला, तोच तो हूक असलेला, रद्दीवाल्यांकडे असतो तो. मला तो टॉवेल मोजायला हवा होता. पिळण्याआधी किती, पिळल्यावर किती, हे वहीत लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. रिक्षावाल्याने गेटवर उतरवलं. वॉचमन नवीन. म्हणाला, सामान आत न्यायला सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी फोन उचलेनात. मग मी गेटजवळच्या कट्ट्यावर टेकलो. अंगात घर रंगवताना घातलेला टी-शर्ट, हाताला ग्रीस, शेजारी गंजका डबा, मांडीवर ताणकाटा. आता मागे वळून पाहताना बाईंची चूक मलाही दिसते. पण फार नाही.

"ओ भंगारवाले, रद्दी घेता ना?"

मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"अहो, तुम्हालाच म्हणतेय. काय भाव?"

"नाही, मी इथंच राहतो," मी म्हणालो.

"मग बरंच झालं. ते आधीचे कात्रजहून यायचे. कधी उगवतील त्याचा नेम नाही."

"म्हणजे मी ए विंगमध्ये असतो."

"ए विंगवाल्यांचीही घेता? त्यांना काय भाव दिलात?"

इथे मी उठून उभं राहायला हवं होतं. पण समोरचा माणूस इतक्या मोकळ्या मनाने आपला अपमान करत असला की मध्ये तोंड घालणं आपल्यालाच असभ्य वाटतं. तरी एक प्रयत्न केला.

"अहो, मी सहाशे दोन."

बाई थबकल्या. माझ्याकडे पाहिलं, ड्रायरकडे पाहिलं. ओळख पटली, असं मला वाटलं.

"सहाशे दोनकडचं होय हे? बाई गं! म्हणजे तो आवाज याचाच. रोज पहाटे साडेसहाला त्यांच्या घरातून विमान सुटतं. मी मिस्टरांना म्हणत होते, ही माणसं घरात मसाल्याची गिरणी चालवतात. मिस्टर म्हणाले, छे, तो माणूस एवढा उद्योगी वाटत नाही."

मी गप्प.

"कसे आहेत हो ते?"

"कोण?"

"सहाशे दोनवाले. तुम्ही घरात जाऊन आलात ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो. आपल्याबद्दल आपणच किती सांगणार? "स्वभावाने चांगले आहेत तसे."

"असतील. पण वस्तू विकायची वेळ आली हो शेवटी." आणि त्यांनी वर सहाव्या मजल्याकडे बघून खरोखर हळहळून मान हलवली. माझ्याबद्दल एवढी कळकळ सोसायटीत आजवर कोणी दाखवली नव्हती.

मग त्यांनी ड्रायरला चपलेच्या टोकाने हलकेच ढोसलं. "हे करतं काय नक्की?"

तिथे मी घसरलो. हा प्रश्न मला गेल्या दहा वर्षांत कोणी आपणहून विचारलेला नाही. मी त्यांना सांगितलं की आतली जाळीची बादली मिनिटाला १४०० फेऱ्या मारते आणि त्या वेगात तिच्या कडेला चिकटलेल्या कपड्यावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण अडीचशेपट होतो. म्हणजे किलोभराचा ओला टॉवेल आतल्या आत अडीच क्विंटलचा होतो, मग पाणी राहतंय कशाला? जर्मनीत २८०० फेऱ्यांचे ड्रायर मिळतात. वेग दुप्पट, म्हणजे जोर चौपट. आणि हे आकडे उगाच नाहीत. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची, त्यामुळे चार ध्रुवांची मोटर १५०० च्या जरा खाली फिरते आणि दोन ध्रुवांची ३००० च्या जरा खाली. या सगळ्याचा थोरला भाऊ म्हणजे दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८७८ मध्ये केलं. एक लिटर पाणी उष्णता देऊन उडवायचं तर अर्ध्या युनिटाहून जास्त वीज जाते. हा पठ्ठ्या पाच मिनिटं फिरून युनिटाचा जेमतेम साठावा भाग खातो...

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लोखंड किती निघतं पण?"

"...सात-आठ किलो."

"मग आमच्याकडचाही न्या. सासूबाईंचा आहे, माळ्यावर पडलाय. झाकण वगैरे सगळं आहे."

झाकण आहे! माझ्या पायाशी झाकण नसलेला ड्रायर, आणि पाच मजले वर झाकणासकट एक. त्या क्षणी मी माझ्या मनाने, कोणीही जबरदस्ती न करता, भंगारवाला झालो.

खरं तर झाकणासकट असलेल्या ड्रायरला मी दीड हजार आनंदाने दिले असते. पण भंगारवाला दीड हजार देत नसतो. दिले तर संशय येतो. "तीनशे," मी म्हणालो आणि खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून स्वतःलाच वाईट वाटून घेतलं. बाई म्हणाल्या चारशे, आणि रद्दी सोळाने. मी म्हणालो सोळा परवडत नाही. हे वाक्य कुठून आलं मला ठाऊक नाही, पण सुरात आलं. बाई म्हणाल्या, मग ड्रायर राहू दे. मी सोळाला तयार झालो. वॉचमनने, ज्याला माझा डबा आत न्यायला परवानगी हवी होती, त्यानेच बाईंचा डबा हसतखेळत खाली आणून दिला. बाहेर जाणाऱ्या सामानाला नियम नसावा.

रद्दी मोजताना बाई काट्याच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. "काटा बरोबर आहे ना? तुम्ही लोक बोट लावता." 'तुम्ही लोक' हे शब्द मी आजवर अनेकदा वापरले असतील. ते अंगावर येतात तेव्हा कुठे लागतात, ते त्या दिवशी कळलं. बरगड्यांच्या जरा खाली. चौदा किलो भरलं. दोनशे चोवीस आणि चारशे, असे सहाशे चोवीस. माझ्याकडे सुटे नव्हते, सहाशे तीस दिले. सहा रुपये परत मिळाले नाहीत.

एवढ्यात खरा भंगारवाला हातगाडी घेऊन हजर. कात्रजचा. त्याने रद्दी पाहिली, मला पाहिलं, भाव विचारला.

"सोळाने? शेठ, लाइनमध्ये नवीन दिसताय. बाजार बिघडवू नका, आम्हाला इथंच फिरायचंय."

चौदा किलो पेपर घेऊन मी सहाव्या मजल्यावर काय करणार होतो? त्याला दहाने देऊन टाकले. एकशे चाळीस. या धंद्यात पहिल्याच दिवशी चौऱ्याऐंशी रुपये खोट, आणि बाईंकडचे सहा धरले तर नव्वद.

पैशांचं सोडा. गेली सहा वर्षं गणपतीत आरतीचं तबक घेऊन मी या बाईंच्या समोर उभा राहतोय. त्यांनी माझ्या हातून प्रसाद घेतलाय. एकदा तर "खोबरं जास्त द्या हो" असंही म्हणाल्या होत्या. झब्बा काढला की माणूस पुसला जातो काय? बायको म्हणते, तुम्हाला भंगारवाला समजल्याचा राग आलाय की न ओळखल्याचा, ते एकदा ठरवा. दोन्हीचा आलाय. शिवाय 'उद्योगी वाटत नाही' याचा वेगळा.

आणि ज्या सोसायटीला माझ्या ड्रायरचा आवाज खुपतो, तिचा कारभार काय सांगावा? गॅलरीबाहेर दोरी बांधली तर पाचशे रुपये दंड, कारण इमारतीचा दर्शनी भाग बिघडतो. मग लोक काय करतात? जिन्याच्या कठड्यावर चादरी टाकतात. पावसाळ्यात आमच्या लिफ्टमध्ये ओल्या पायमोज्यांच्या वासाने डोळे चुरचुरतात. चाळीस-पन्नास हजारांची मशीनं घराघरांत, आणि एखादं बंद पडलं की सर्व्हिसवाला मुलगा झाकण न उघडताच सांगतो, "बोर्ड गेलाय, नवीन घ्या." माझ्या चौघांत बोर्ड नावाचा प्रकारच नाही. बंद पडला तर बहुतेक वेळा कपॅसिटर, नाहीतर झाकणाखालचा स्विच, नाहीतर झिजलेला ब्रेक. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तासभर उभं राहायची तयारी असली की झालं. पण 'दुरुस्त करा' म्हटलं की माणसाकडे असं बघतात, जणू तो चपलेला ठिगळ मारून लग्नाला निघालाय.

रात्री सासूबाईंचा ड्रायर उघडला. पिवळट पडलेलं प्लास्टिक, झाकणावर स्वस्तिक काढलेलं, हळदीचा डाग तसाच. मोटर हाताने फिरवली. जड, पण फिरत होती. कपॅसिटर बदलला आणि दोन पंचे टाकून बटण फिरवलं. आधी तो रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा सगळ्या अंगाने थरथरला, लादीवर वीतभर सरकला. या वेळी घाबरून झाकण उघडायचं नसतं. गडगडाट एका टप्प्याला वाढतो आणि तो वेग ओलांडला की बादली आपला तोल आपणच सापडवते. तसंच झालं. थरथर थांबली, एकच बारीक सूर लागला आणि खालच्या नळीतून धार आली. मग धारेचे थेंब झाले. मी ताणकाट्यावर पंचे मोजले आणि वहीत लिहिलं. घरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी धुऊन काढावा म्हणून बादली उचलली, तर खाली तळाला, साबणाच्या राडीत, केसांचे तीन आकडे, २०११ साली चलनातून गेलेले चार आणे आणि चांदीचं एक जोडवं.

आता आली पंचाईत. परत तर करायलाच हवं. पण कोण म्हणून? सहाशे दोन म्हणून गेलो, तर वस्तू भंगारात विकत घेऊन घरी वापरतो हे कळणार. भंगारवाला म्हणून गेलो, तर मीच तसं कबूल केल्यासारखं. दोन दिवस जोडवं देवघरात पडून होतं. शेवटी इस्त्रीचा झब्बा घातला, गणपतीतला, तोच. केस विंचरले. बी विंगमध्ये गेलो आणि बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं. मला आपादमस्तक न्याहाळलं.

"अगंबाई, ओळखलंच नाही! आज मोठे आवरून? पण रद्दी अजून साठली नाही हो."

मी काही न बोलता जोडवं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. मग माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो रिकामा होता.

"अहो," त्यांनी आत हाक मारली, "भंगारवाले आलेत. सासूबाईंचं जोडवं मिळालंय. एकच देतायत."