ओल

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या व्हरांड्यात एका पहिल्या वर्षाच्या मुलीनं मला गाठलं. "ताई, फाउंडेशन झाल्यावर पेंटिंग घेऊ का शिल्पकला? मला वॉटरकलर फार आवडतो. पण मातीत हात घातला की बाहेर काढावासाच वाटत नाही. सगळे म्हणतात, एक काहीतरी धर." फाउंडेशन म्हणजे सगळ्यांचं सारखंच असलेलं पहिलं वर्ष, त्यानंतर विषय निवडायचा. मी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. एसटीची वेळ झाली होती, आणि जे सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, सवडीनं वाचा.

मी कोल्हापुरात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव आजरा तालुक्यातलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली, चित्रकलेच्या सरांनी घरी येऊन वडिलांना पटवलं, तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे पेंटिंगच होतं. मी शिल्पकला घेतली तेव्हा आई दोन दिवस नीट बोलली नाही. पोरीनं प्लास्टरची पोती उचलायची, सळ्या वाकवायच्या, हे तिला बघवत नव्हतं. आता तीच शेजारणींना माझ्या कामाचे फोटो दाखवते.

दुसऱ्या वर्षी मी आजीचं हेड, म्हणजे डोक्याचं शिल्प, करायला घेतलं. आजी कॉलेजात येऊन बसणार नाही, म्हणून चारही बाजूंनी स्केचेस केली, फोटो काढले, सुतळीनं मापं घेतली. कपाळ ते हनुवटी, कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. ती सारखी विचारायची, "आगं, शिवायला टाकतीस का काय मला?" सळई आणि तारेचं आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, बांधलं, शाडू चढवला. तीन आठवडे रोज काम केलं. तिच्या गालाची कातडी हाडाला सोडून थोडी खाली लोंबते, ती जागा मिळाली तेव्हा मी एकटीच वर्गात उभी राहून हसले होते.

मग दिवाळीची सुट्टी लागली. ओलं फडकं गुंडाळलं, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि गावी गेले. पिशवी कुठेतरी फाटली असणार. परत आले तेव्हा मानेपासून कानामागे भेग गेली होती, आणि दुसरी थेट डाव्या डोळ्यातून. सुकताना माती आकसते, आतली सळई आकसत नाही. मग माती फाटते. हे वर्गात शिकवलेलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं. पण आजीच्या डोळ्यातून गेलेली भेग बघेपर्यंत मला ते कळलेलं नव्हतं.

एका मैत्रिणीनं मला गंगावेशच्या कुंभार गल्लीत नेलं. गणपतीचा हंगाम संपलेला, तरी एका घरात आजोबा मातीच्या पणत्या करत बसले होते. मी त्यांना भेगेचा फोटो दाखवला. त्यांनी तो बघितला न बघितल्यासारखा केला आणि शेजारची एक सुकत ठेवलेली मूर्ती पुढे सरकवली. "सुकलीया का न्हाई सांग." मी बोट लावलं. "सुकली." ते म्हणाले, "बोटाला काय कळतंय? गालाला लाव." मी मूर्तीची पाठ गालाला लावली. गार. वरून पांढरी पडलेली, कोरडी ठणठणीत दिसणारी ती माती आतून अजून ओली होती. आतली ओल बाहेर येत असते तोवर पृष्ठभाग गार लागतो. तशीच भट्टीत घातली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं. चार वाक्यांत आजोबांनी मला जे दिलं, ते माझ्या हातात कायमचं आलं.

आता वॉटरकलरकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

रविवारी आम्ही काही जण पंचगंगा घाटावर लँडस्केप करायला जातो. पेंटिंगची मुलं असतात, शिल्पकलेची मी एकटीच. पहिली दोन वर्षं माझी चित्रं मळकट व्हायची. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, द्यायचा, थोडं थांबायचं आणि ढगाची सावली टाकायला ब्रश टेकवायचा. की लगेच त्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कड उमटायची. कागदावरची चकाकी गेली म्हणजे कागद सुकला, असं मी धरून चालायचे. प्रत्यक्षात चकाकी गेल्यानंतरचीच वेळ सगळ्यात नाजूक असते. कागदाच्या तंतूंमध्ये पाणी असतंच, आणि तुम्ही वरून जास्त पाण्याचा ब्रश टेकवलात की ते नवं पाणी अर्धवट बसलेल्या रंगाला ढकलत कडेला नेतं. एप्रिलमध्ये वॉश खालपर्यंत पोचायच्या आत वाळतो. श्रावणात त्याच घाटावर, त्याच ३०० जीएसएमच्या जाड कागदावर अर्धा तास बसून राहावं लागतं.

कुंभार गल्लीतून आल्यानंतरच्या एका रविवारी मी घाटावर बसले होते. नदी उतरली होती, पाण्यात उभी असलेली दगडी देवळं वर आली होती, कळसांवर पुराच्या गाळाची रेघ तशीच होती. आकाशाचा वॉश दिला आणि वाट बघताना सहज हाताची पालथी बाजू कागदाजवळ नेली, हलकेच टेकवली. गार लागली. थांबले. पुन्हा टेकवली, अजून गारच. दीपमाळेचं निरीक्षण करत बसले. तिसऱ्यांदा टेकवली तेव्हा कागद हाताइतकाच कोमट होता. मग घेतली सावली. ती जिथे टाकली तिथेच राहिली. कडा स्वच्छ.

आमच्याबरोबरच्या पेंटिंगच्या एका मुलानं विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, कुंभाराकडे.

त्या दिवसापासून मला हे दोन विषय वेगळे वाटेनासे झाले. मातीत आपण भर घालतो, चूक झाली तर खरवडून काढतो, रात्री परत करतो. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग म्हणजे कागदच. तो एकदा झाकला की गेला, म्हणून कुठे काही करायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. वरवर बघितलं तर दोन टोकं. पण दोन्हीकडे तुमचा हात पाण्याच्या वेळेवर चालतो. घड्याळ तिथे चालत नाही आणि सबमिशनची तारीखही चालत नाही.

दुसऱ्यांदा आजीचं हेड केलं तेव्हा सुट्टीत गावी गेलेच नाही. दिवसातून दोनदा फडकं ओलं करायचे. काम पूर्ण झाल्यावर वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा प्लास्टरचा साचा, घेतला. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या डोक्यावर कानांच्या मागून पत्र्याच्या पट्ट्या खोचतात, म्हणजे साचा दोन भागांत उघडता येतो. पाण्यात प्लास्टर सोडायचं, प्लास्टरवर पाणी कधी ओतायचं नाही. पहिल्या थरात नीळ घालतात, पातळ, हातानं शिंपडत. त्यावर पांढरा जाड थर काथ्यासकट. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हात लावला तर तापातल्या माणसाच्या कपाळासारखं लागतं. मग साचा उघडायचा आणि आतली माती उकरून काढायची. तेव्हा मला थांबायला लागलं. तीन आठवडे घडवलेला आजीचा चेहरा मी स्वतःच्या हातानं वायर टूलनं ओरबाडून बादलीत टाकत होते. नाक, गाल, ओठ. मातीचं काम असंच संपतं. उरते ती साच्यातली पोकळी, चेहऱ्याचा उलटा ठसा.

ती पोकळी साबणानं पोतायची, आत प्लास्टर भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी बोथट छिन्नीनं साचा फोडायला घ्यायचा. पांढरं उडत जातं. निळं दिसलं की हात सावकाश, कारण निळ्याच्या खाली लगेच कातडी आहे. मी त्या निळ्या थराशी पोचले तेव्हा मला वॉटरकलरच आठवत होता. कुठे थांबायचं हे कागदानं शिकवलेलं होतं म्हणून छिन्नी थांबली.

याच्या उलटंही घडतं. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' तुम्ही बघितलं असेल. हातात समई-निरांजनासारखा दिवा धरलेली, दुसऱ्या हातानं ज्योत झाकलेली तरुणी. १९४५-४६ च्या सुमाराचं चित्र, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. पुष्कळांना ते राजा रविवर्मांचं तैलचित्र वाटतं. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. मी अजून मूळ चित्र बघितलेलं नाही, छापील प्रतच भिंतीला लावलीय. आधी मला त्यातला फक्त उजेड दिसायचा. हात घडवायला शिकल्यानंतर त्या चित्रातली बोटं दिसली. ज्योतीपुढच्या बोटांच्या कडा लालसर पेटल्यात, आणि जिथे हाड आहे तिथे उजेड अडलाय. मांस आणि हाड यांतला फरक पाण्याच्या रंगात! हात आतून ठाऊक असल्याशिवाय हे रंगवता येत नाही, असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

म्हणून माझा राग आहे तो फाउंडेशननंतर आमच्यात घातल्या जाणाऱ्या भिंतीवर. एका वर्षानंतर पेंटिंगची मुलं मातीला हात लावत नाहीत, आणि आमच्या खोलीत रंगाची पेटी दिसली की विचारतात, इथे काय काम? माझ्या वॉटरकलरच्या शीट्स मूल्यमापनात धरल्या गेल्या नाहीत. 'विषयाबाहेरचं काम' असा शेरा मिळाला. आणि फुटलेलं पहिलं हेड मी मुद्दाम भेगेसकट मांडलं होतं, शेजारी कारण लिहून. ते मोजलंच गेलं नाही, कारण मोजणी पूर्ण झालेल्या नगांची होती. मी आजवर सर्वांत जास्त शिकले ते त्या भेगेतून. गुणपत्रिकेत तिला जागा नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ज्या कोल्हापुरात चित्रपट काढणारे बाबूराव पेंटर रंगवत होते, पुतळे घडवत होते आणि स्वतःचा कॅमेराही बनवत होते, ज्या गावात रवींद्र मेस्त्री ब्रश आणि माती दोन्ही सारख्याच हक्कानं हाताळत होते, तिथे शिकणाऱ्या मुलांना 'एक काहीतरी धर' सांगावं हे मला पटत नाही. गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प केलं तेव्हा ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थीच होते. विद्यार्थ्याचं काम म्हणजे नुसता सराव, असं समजून आम्हाला नगांच्या हिशेबात बसवू नका. आठवड्यातला एक दिवस पेंटिंगच्या मुलांच्या हाताला माती लागू द्या, आमच्या हातात ब्रश राहू द्या, शेवटच्या वर्षापर्यंत. खर्च काहीच नाही. शाडू भिजवून परत वापरता येतो.

अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकरांच्या घरी त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. सहलीत गेलो होतो. सिमेंटमधल्या म्हशीपुढे मी बसले आणि पेन्सिल काढायच्या आधी वॉटरकलर काढले. सिमेंटच्या राखाडीत ऊन कसं झिरपलंय ते पेन्सिलीला सांगता येत नव्हतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, दोनच रंग पुरले.

व्हरांड्यात भेटलेल्या मुली, हे तुझं उत्तर. अर्जावर एकच विषय लिहावा लागेल, तो तुला ज्यासाठी पहाटे जाग येते तो लिही. पण दुसरा सोडू नकोस. आमच्या खोलीचं दार उघडं असतं, ओल्या फडक्याखाली माझी माती आहे, ये आणि घे.

आजीचं प्लास्टरचं हेड मी गेल्या महिन्यात जुन्या साडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन गावी नेलं. ओट्यावर ठेवलं. आजीनं बराच वेळ बघितलं. आई म्हणाली, कान हुबेहूब आलेत. आजी काही बोलली नाही, पुढे वाकली आणि तिनं स्वतःचा गाल त्या गालाला लावला.

"गार हाय की गं अजून," म्हणाली.

मी म्हटलं, "सुकायला आठ दिवस लागतील."

"मग हितं सावलीत कशाला ठेवलीस? पायरीवर ठेव, उन्हात."