‘तासभर आधी पोचलं तरी चालतं’ म्हणणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज मला सात जणांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. नाशिकहून मुंबईला जाऊन परदेशी विमान पकडणाऱ्यांसाठी त्यात दहाएक सूचना आहेत. मेसेजचं म्हणणं असं: समृद्धी महामार्ग झाल्यापासून विमानतळ दोन तासांवर आलाय. वेब चेक-इन, म्हणजे घरूनच ऑनलाइन सीट आणि बोर्डिंग पास घेणं, केलं असेल तर तासभर आधी पोचणं पुरे. टी-वन, म्हणजे टर्मिनल एक, देशातल्या विमानांचं, टी-टू परदेशी विमानांचं. डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं अ‍ॅप) घेतली की रांगच नाही. घरचं खाणं सगळं चालतं, पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाका, इमिग्रेशनचा, म्हणजे देशाबाहेर जातानाच्या पासपोर्ट तपासणीचा, फॉर्म भरायला पेन ठेवा, बायकांना ४० ग्रॅम सोनं माफ. आणि व्हीलचेअर मागू नका, पैसे घेतात.

मी शरणपूर रोडला १९ वर्षं तिकिटांचं काम करतेय. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे तरी मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच निघालेले साठी-सत्तरीतले आई-वडील असतात. हा मेसेज ते अगदी मनापासून वाचतात, कागदावर उतरवून घेतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी रस्ता, कारण नाशिककराचं विमान चुकतं ते बहुतेक वेळा रस्त्यावरच. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि कसारा घाट टळला, हे खरंच आहे. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा पार केला की घाटातल्या ट्रकच्या रांगा आठवतसुद्धा नाहीत. पण समृद्धी आमण्याला संपते, आणि आमणे भिवंडीजवळ आहे, विमानतळाच्या सहारजवळ नाही. तिथून पुढे जुनाच रस्ता: गोदामांकडे वळणारे कंटेनर, वडपे ते माजिवडा रुंदीकरणाने अडलेल्या लेन, मग ठाणे, पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. या शेवटच्या तुकड्याला कधी सव्वा तास लागतो, कधी अडीच. समृद्धीच्या आधीचा तुकडाही मेसेजने धरलेला दिसत नाही. द्वारका, पाथर्डी फाटा, विल्होळी, घोटीचा टोलनाका, असं करत इगतपुरीपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर आपल्याला महामार्गानेच काढायचे असतात.

मी सगळ्यांना घराच्या दारापासून विमानतळाच्या दारापर्यंत पाच तास धरायला सांगते. पावसाळ्यात आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा. रात्री साडेअकराचं विमान असेल तर साडेआठला विमानतळावर, म्हणजे दुपारी साडेतीनला गाडी हलली पाहिजे. तीन तासांत पोचलात तर आत बसून चहा प्या. दोन तास जास्त बसल्याने कुणाचंही नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

विमान दुपारचं किंवा संध्याकाळचं आणि सामान हलकं असेल, तर रेल्वेचा विचार जरूर करा. नाशिक रोडहून सकाळची पंचवटी, कल्याणला उतरून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो तीन पकडली की पुढचंच स्टेशन टी-टू. मात्र मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांना मेट्रो मिळत नाही आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणं साठीच्या माणसाला जमणारं नाही. तिथे टॅक्सीच करा.

आता वेब चेक-इन. सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय.

आमच्याच गल्लीतले काका-काकू दिवाळीनंतर मुलाकडे शारजाला निघाले होते. विमान रात्री ११ वाजून ४० मिनिटांचं. मुलाने तिकडून वेब चेक-इन करून दिलं, बोर्डिंग पास काकांच्या फोनवर आला, सीट नंबरही आला. काकांनी मेसेज वाचलेला होता. ठाण्यात तासभर गाडी अडकली तरी ते निवांत होते. काउंटरसमोर पोचले तेव्हा ११ ला पाच मिनिटं कमी होती. बॅगांचा पट्टा थांबलेला, बोर्डावरचं विमानाचं नाव काढलेलं, कर्मचारी संगणक बंद करून उठलेले. काका फोन पुढे करून सीट नंबर दाखवत राहिले. काकू ट्रॉलीच्या कडेवर बसल्या, मांडीवर स्टीलचा डबा धरून. मला त्यांनी पावणेबाराला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘अगं, चेक-इन झालेलं होतं गं आमचं.’

झालेलं होतं, पण फक्त सीटचं. बॅगांचं काम काउंटरवरच होतं. बॅग पट्ट्यावर गेली की तिची तपासणी होते, मग ती योग्य विमानाच्या गाडीवर चढते, गाडी विमानापर्यंत जाते आणि बॅगा पोटात भरल्या जातात. याला वेळ लागतो, म्हणून परदेशी विमानांचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, काही त्याहूनही आधी. एक मिनिट उशीर झाला तरी कुणी उघडत नाही. बॅग नसली तरी बऱ्याचदा व्हिसा आणि पासपोर्ट तपासून घ्यायला काउंटरवर जावंच लागतं. त्यापुढे इमिग्रेशनची रांग, सुरक्षा तपासणीची रांग, मग गेटपर्यंतची चाल. टी-टूमध्ये शेवटच्या गेटपर्यंत चालणं थोडं नाही. गेट विमान सुटायच्या २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं. आखाती देशांची आणि युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीच्या मागेपुढे सुटतात, त्यामुळे गर्दी नेमकी त्याच वेळी असते. तीन तास आधी या असं कंपन्या सांगतात, ते उगाच नाही. काका-काकूंना नवीन तिकिटासाठी जवळपास पहिल्याइतकेच पैसे मोजावे लागले.

टी-वन देशातलं आणि टी-टू परदेशातलं, हा समज जुना आहे आणि अर्धाच बरोबर आहे. सहारचं टी-टू २०१४ साली सुरू झालं. परदेशी विमानं तिथूनच सुटतात, पण देशातली पुष्कळ विमानंही तिथूनच सुटतात. टी-वन विलेपार्ल्याच्या बाजूला आहे. एकातून दुसऱ्यात जायचं तर बाहेर पडून जावं लागतं. आता तर नवी मुंबईचा विमानतळही आलाय, त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिकिटावर शहराचं नाव मुंबईच असू शकतं. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा: बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. मग टर्मिनलचा आकडा वाचा, आणि टॅक्सीवाल्याला तेच सांगा.

खाण्याच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण दिवाळीनंतरचे सगळे प्रवासी डबे घेऊन निघतात. दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या, बॅग पुन्हा भरायची होती. तो स्टीलचा डबा उघडला तर आत अनारसे, एका बाजूने खसखशीत थापलेले, जाळी सुरेख पडलेली. चार दिवस पीठ मुरवून केलेले. माझ्या पोटात गोळा आला. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थ मानली जाते. ती नेण्यावर बंदी आहे आणि त्यासाठी लोकांना तुरुंगवास झालेला आहे. आपल्या स्वयंपाकघरात खसखस कुठे कुठे असते याचा विचार करा: अनारशांवर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, कधी मसाल्याच्या पुडीत. दुबई, अबुधाबी, शारजा, कुठेही जायचं असेल तर यातलं काही नेऊ नका. काकूंना हे पटवायला मला अर्धा तास लागला. अनारसे शेवटी आम्ही दोघींनी गल्लीत वाटले.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही राहू द्या. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमानाच्या सामानात त्याला मनाई आहे. बेसनाचे लाडू, चिवडा, चकल्या, शंकरपाळे भारतातून निघताना हातातल्या बॅगेतही चालतात. लोणचं, तूप, चटणीची तेलकट बाटली ही पातळात धरली जाते आणि परदेशी प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. ती नीट बंद करून मोठ्या बॅगेत ठेवा. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तिथे उतरताना भरायच्या कार्डावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ लिहायचाच, लपवलं तर मोठा दंड होतो. पाण्याची रिकामी बाटली आत नेता येते, तपासणीनंतर भरून घ्या.

पॉवर बँकेबद्दल मेसेजने सरळ उलटं लिहिलंय. ती मोठ्या बॅगेत कधीच टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, खाली सामानात कुणाला कळतही नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची, परवानगीशिवाय नेता येते.

डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली ती देशातल्या प्रवासासाठी, आणि ती ऐच्छिक आहे. परदेशी विमानासाठी तिचा उपयोग नाही. इमिग्रेशनची रांग कमी करणारी वेगळी योजना आहे, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन. मुंबईत ती जानेवारी २०२५ पासून आहे, भारतीय नागरिकांना मोफत आहे, पण ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे आणि मंजुरी आधी लागते. वर्षातून दोनदा जाणाऱ्यांनी करून ठेवावी.

जाताना भरायचा इमिग्रेशनचा फॉर्म भारतीयांसाठी १ जुलै २०१७ पासून बंद आहे. सोन्याची सवलत परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यांना आहे. आठवडाभर दुबई फिरून आलेल्या बाईला ती मिळत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी असं मेसेजमध्ये लिहिलंय, ते मात्र बरोबर आहे. अनेक देश त्याशिवाय घेत नाहीत आणि कंपनी इथूनच विमानात बसू देत नाही.

शेवटी व्हीलचेअर. त्या एका ओळीमुळे गुडघे दुखणारी माणसं फरफटत चालतात, याचा मला फार राग येतो. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांना ही मदत विमान कंपनीने विनामूल्य द्यायची असते. तिकिटाशिवाय कुणालाही टर्मिनलच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे मुलगा किंवा जावई काचेच्या दारापाशीच थांबतो. पुढे काउंटर, इमिग्रेशन, तपासणी, गेट, सगळीकडे हात धरायला व्हीलचेअरवालाच असतो. इंग्रजी बोलायची भीती वाटणाऱ्या आजींना तर त्याचा मोठा आधार होतो. आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी रांग चुकवायला ती मागू नये, कारण खुर्च्या मोजक्या असतात आणि खरी गरज असलेला माणूस दारात ताटकळतो. विमानतळावर गेल्यावर मागितली तर वाट पाहावी लागते. तिकीट काढतानाच सांगा, निदान सुटण्याच्या ४८ तास आधी, आणि तिकिटावर तशी नोंद आलीय का ते बघा.