चहा-बिस्किटं दिली की मजुरी फिटते का?

आज सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपते न संपते तोच वसईतल्या आमच्या आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. चर्चमध्ये येताना मुलींनी काय घालावं आणि काय घालू नये. बिनबाह्यांचे ड्रेस नकोत, फाटक्या जीन्स नकोत. खाली आजकालच्या नैतिक अधःपतनावर लांबलचक परिच्छेद आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. मेसेज टाकणारे आमच्याच आळीतले एक काका. प्रार्थनेत पुढे, सणाच्या वर्गणीतही पुढे.

तिथे उत्तर लिहिलं आणि खोडलं. घरात उगाच भांडण नको. म्हणून इथे लिहितेय.

या काकांचा बंगला उठत होता तेव्हा मी शाळेत होते. वाडा तालुक्यातली एक वारली बाई डोक्यावरून घमेली वाहायची. नाव लिहीत नाही, तिला कुणी विचारून लिहिलेलं नाही हे. काम संपत आलं असताना तिच्या हातून टाइल्सचा खोका पडला. झालं, पंधरा दिवसांची मजुरी कापली. ठेकेदार म्हणे मालकाकडे माग, मालक म्हणे ठेकेदाराकडे.

ऑक्टोबर होता, घरोघरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, चालू होती. त्या दिवशी पाळी काकांच्याच घरी. आम्ही आत गुडघे टेकून माळ फिरवतोय आणि ही बाई फाटकाशी उभी. प्रार्थना संपल्यावर तिला चहा आणि बिस्किटं मिळाली. पैसे नाही मिळाले. आत सगळे म्हणाले, किती मोठं मन!

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला स्वर्गाकडे हाक मारणारी पापं शिकवली होती. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, 1867 क्रमांकाच्या परिच्छेदात आहेत, काढून बघा. भावाने मारलेल्या आबेलचं रक्त, सदोम शहराचं पाप (म्हणजे लैंगिक पाप, असं आम्हाला शिकवलेलं), मिसरातल्या गुलाम लोकांचा आक्रोश, परके-विधवा-अनाथ यांचा आक्रोश आणि मजुरावर होणारा अन्याय. आमच्या वर्गात अख्खा तास सदोमवर गेला. मजुराच्या ओळीला घंटा वाजली.

आता समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला (एमएसडब्ल्यू) आल्यावर पोप तेरावे लिओ यांचं कामगारांच्या प्रश्नावरचं 1891चं पत्रक ‘रेरुम नोव्हारुम’ वाचायला घेतलं. देय मजुरी बुडवणं हा स्वर्गाचा कोप ओढवणारा मोठा अपराध आहे, असं त्यात सरळ लिहिलंय. बायबलमधल्या संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा दाखला देऊन. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर, म्हणजे सामान्य श्रद्धावंतांनी करायच्या धर्मकार्यावर, दस्तऐवज काढला. न्यायाने जे द्यायचंच आहे ते दानधर्म म्हणून देऊ नका, असं तो बजावतो. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती बिस्किटांची बशी आली. लायब्ररीत रडू आलं, खरंच सांगते.

म्हणजे हे कुणा डाव्या प्राध्यापकाने माझ्या डोक्यात भरवलेलं नाही. आपल्याच घरातलं आहे. आत्ताच्या पोपमहोदयांनी 2025मध्ये लिओ हे नाव मुख्यतः त्याच तेराव्या लिओंमुळे घेतलं, तेव्हा याच ग्रुपवर केकचे फोटो नाचत होते. आणि 5 जुलैला, फादर स्टॅन स्वामींच्या स्मृतिदिनी, मी त्यांचा फोटो टाकला तर? ‘चर्चने राजकारणात पडू नये, बाळा.’ चौऱ्याऐंशी वर्षांचा, कंपवाताने हात थरथरणारा येशूसंघीय धर्मगुरू कोठडीत असतानाच गेला, आदिवासींच्या जमिनीबद्दल आयुष्यभर बोलला, ते राजकारण. माझ्या बाह्या मात्र धर्म.

बरं, आपल्या वसईला हे नवीन तरी आहे का? हरित वसईसाठी फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले होते. त्यांच्याबरोबर चाललेली माणसं याच आळ्यांमध्ये राहतात. 2020ला ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा छाती फुगवणारे आपणच. बावखलं, म्हणजे वसईतली जुनी गोड्या पाण्याची तळी, बुजवून प्लॉट पाडणारेही आपणच, पण तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधी.

हो, मान्य आहे, धर्मग्रामाकडून, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशकडून, गरिबांच्या मुलांच्या फिया भरल्या जातात, आणि देवळात नीट कपडे घालून यावं यातही काही चूक नाही. मी घालतेच.

आणि काका काही राक्षस नाहीत. बाबांच्या छातीत कळ आली त्या रात्री गाडी त्यांनीच काढली. पहाटेपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. मला त्यांचा राग येतो आणि लगेच ते आठवतं, म्हणून तर हे लिहायला एवढा वेळ लागला. त्यांनी कधी पापनिवेदनात, धर्मगुरूंपुढे पापं कबूल करताना, ती मजुरी सांगितली असेल का? बहुतेक नाही. ते पाप आहे असं त्यांना कुणी सांगितलंच नसेल! आपल्या प्रवचनांत शरीर येतं, मोबाइल येतो, लिव्ह-इन येतं. नाक्यावर सकाळी उभा राहणारा माणूस कितीदा येतो? बाईला मजुरी कमी आणि पुरुषाला जास्त, यावर कधी कुणी बोललंय?

ती बाई नंतर आमच्या बाजूला कामाला आली नाही. आणि त्याच फाटकाच्या आत आजही नैतिकतेवर मेसेज टाइप होतायत.

‘घरातलं चव्हाट्यावर कशाला’ असं कुणी कॉमेंटमध्ये लिहिणार असेल तर आधी सांगा, तुमच्या बंगल्याच्या मजुरांचा हिशेब पुरा झाला होता का. पुढच्या युवा सभेत मजुरीचा विषय घ्यावा म्हणून मी अर्ज देतेय. सह्या हव्यात. कोण कोण करतंय?