मामाचं डोकं आणि पिच्चरचा लूक

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ परवा आला. अंतरपाटाच्या वेळी तिच्यामागे उभा असलेला उंच मामा, म्हणजे मी, फक्त मिशीपर्यंत आहे. मिशीच्या वर काळी पट्टी. 1200 रुपयांचा फेटा त्या पट्टीच्या पोटात.

चाळीसगावला स्टुडिओत गेलो. पोरगा वडापाव खात होता.

"मनं डोकं कोठे गयं?"

"सिनेमॅटिक पॅकेज शे ना भाऊ! पिच्चरना लूक."

"डोकं कापीसन?"

"वरतून आठवा हिस्सा, खालतून आठवा हिस्सा. सिनेमास्कोप! क्लोजअपमा हिरोनंबी कपाळ कापाई जास."

"अन् सेकंदले चित्रं किती?"

"50!" त्याने चटणीचं बोट चाटलं. "पिच्चरवाला 24च देतस. आम्ही त्याच पैसामा डबल देतस."

आता बोला! अरे बाबा, त्या 24 मध्येच तर सगळी गंमत. एकेक चित्र साधारण 1/48 सेकंद उजेड पितं, म्हणून हललेला हात कडेला जरासा पुसटतो आणि आपल्याला पिच्चर वाटतं. याने 50 घेतली, तीही भर दुपारी, शटर हजारावर ठेवून, म्हणजे एकेका चित्राला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग उजेड. ताशेवाल्याच्या काड्या हवेत थिजलेल्या, व्याह्यांच्या कपाळावरचा घाम थेंबाथेंबाने मोजून घ्या. नवरदेवाची शेरवानी म्हणजे नुसता चुना. फिल्मवर असा लखलखाट हळूहळू विरत जातो. इथे एकदम पांढरा खड्डा.

आणि हे कुठे? चाळीसगावात! टेबलावर देखावे मांडून, उजेड जुळवून फोटो काढणारे केकी मूस याच गावात राहिले. घराबाहेर पडायचे नाहीत म्हणे. बरोबरच होतं त्यांचं.

'ग्रेन', म्हणजे फिल्मवर दिसणारे बारीक कण, म्हणून वरून खसखस आणि ओरखडे शिंपडले आहेत, ते वेगळंच. खऱ्या फिल्मवर कण दर चित्रात नव्या जागी असतात. याचा तोच ओरखडा दर 8 सेकंदांनी व्याह्यांच्या नाकावरून खाली जातो. बायकोने घड्याळ लावून मोजलं.

"पट्ट्या काढ," मी म्हणालो.

"2000 लागतीन. पुढला लगीनमा ध्यान ठेवसूत."

"मन्ही भाचीनं एकच लगीन शे रे!"

लावायचे 4000 घेतले, आता काढायचे 2000! तणतणत बहिणीला फोन केला. तिने तोवर व्हिडिओ अख्ख्या भाऊबंदकीत पाठवलेला. धुळ्याच्या मावशीने विचारलंही, मामा आला नव्हता का गं?

"राहू दे ना दादा," बहीण म्हणाली. "पट्ट्यांनी कसं पिच्चरसारखं वाटतंय."